मोटरहोममधले डीपीएफ आणि डीईएफचे दिवे: लागल्यावर काय करायचं, लागू नयेत म्हणून काय करायचं

डिझेलचा धूर साफ करणारी आजची यंत्रणा मुळात रोज तासन्‌तास, भार घेऊन पळणाऱ्या ट्रकसाठी घडवलेली आहे. मोटरहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, आयुष्य नेमकं उलटं. ती कित्येक महिने उभी असते, मग एकदम लांबच्या पल्ल्याला निघते, मुक्कामाला पोचली की सामान आणायला चार-पाच किलोमीटर फिरते. त्यात मधूनच कोणीतरी ‘बॅटरी चार्ज होऊ दे’ म्हणत तिला जागेवर पंधरा मिनिटं चालू ठेवतं. धूर साफ करायला लागते उष्णता, आणि अशा वापरात ती पुरेशी मिळतच नाही. त्यामुळे दिवा लागला की भाग बदलायची घाई करण्याआधी गेल्या महिनाभरात गाडी कशी चालली ते आठवावं. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी आपल्या गाडीत काय काय आहे ते पाहा

इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत क्रमाने जाऊ. ईजीआर म्हणजे जळून बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्याने सिलिंडरमधलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी तयार होतं. त्यापुढे डीओसी हा पहिला कॅटॅलिस्ट, म्हणजे धुरात रासायनिक क्रिया घडवणारा भाग, मग काजळी पकडणारा डीपीएफ, आणि शेवटी एससीआर. एससीआरमध्ये डीईएफ म्हणजे युरियाचं पाणी फवारलं जातं. गरम वायूत त्यापासून अमोनिया बनतो आणि तो नॉक्सचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. अ‍ॅडब्लू हे याच द्रवाचं एक नोंदणीकृत व्यापारी नाव. डबा कोणत्याही नावाचा असो, त्यावर आयएसओ २२२४१ हे मानक लिहिलेलं असलं की झालं.

सगळ्या गाड्यांत सगळं नसतं. अमेरिकेत २००७ च्या नियमांमुळे अवजड डिझेल इंजिनांना डीपीएफ आला आणि २०१० च्या नियमांमुळे बहुतेकांना एससीआर. युरोपीय व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोममध्ये डीपीएफ साधारण युरो ५ या युरोपातल्या धुराच्या नियमांपासून दिसतो, एससीआर मुख्यतः युरो ६ पासून. पण फियाट डुकाटोच्या सुरुवातीच्या युरो ६ इंजिनांत अ‍ॅडब्लू नव्हतं, त्यामुळे नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नका. निळ्या झाकणाचं फिलर आहे का ते पाहा, चासीच्या, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालच्या मूळ गाडीच्या, मॅन्युअलमध्ये खात्री करा. चासीचं मॅन्युअल वेगळं आणि मोटरहोम बांधणाऱ्या कंपनीचं वेगळं असतं. आपल्याला लागणारी सगळी माहिती पहिल्यात असते, आणि जुनी गाडी घेताना नेमकं तेच हरवलेलं असतं.

दिवा लागला: पहिली दहा मिनिटं

लाल दिवा आणि ‘स्टॉप’ अशी सूचना आली तर सुरक्षित जागा बघून थांबा, यात वाद नाही. पिवळा दिवा असेल तर थांबायची घाई नको, उलट काही वेळा थांबणं हीच चूक ठरते. डीपीएफचा दिवा स्थिर लागला आहे आणि गाडी हायवेवर आहे, तर चालवत राहणं हा पहिला उपाय. तोच दिवा लुकलुकू लागला तर फिल्टर बराच भरलाय आणि लवकरच उभ्याने रीजन करावं लागणार, म्हणजे गाडी थांबवून काजळी जाळावी लागणार. डीपीएफबरोबर इंजिनाचाही दिवा लागला की ताकद कमी व्हायला सुरुवात होते. आणखी एक दिवा असतो, सायलेन्सरमधून उष्णतेच्या लाटा निघताना दाखवणारा. तो बिघाडाचा नव्हे. सायलेन्सर अतिशय तापलाय, कुठे उभं राहायचं ते बघून ठरवा, एवढंच तो सांगतो.

मग हे करा:

१. डॅशबोर्डचा फोटो काढा, अर्थात शेजारी बसलेल्याने. किलोमीटर, डिझेलची पातळी, डीईएफची पातळी आणि स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा फोटोत यायला हवा.

२. इंजिनाचं तापमान आणि ऑइल प्रेशर नेहमीसारखं आहे का ते बघा. ते ठीक असेल तर वेळ आहे.

३. स्क्रीनवर उरलेल्या किलोमीटरचा आकडा दिसत असेल तर तो लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

४. रीजन इनहिबिट म्हणजे रीजन रोखण्याचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते तपासा. मोठ्या कोचमध्ये, म्हणजे बसएवढ्या मोटरहोममध्ये, हे बटण इतर बटणांच्या रांगेतच असतं आणि कोणाचा तरी हात लागतो.

५. कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले दोषांचे क्रमांक, पुसू नका. पुसल्याने दिवा काही वेळ जातो, पण दोष घडला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची नोंदही त्याबरोबर जाते. मेकॅनिकला हवी असते ती नेमकी हीच नोंद.

कोड वाचणं

व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोमला साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीतले कोड वाचणारं छोटं यंत्र, आणि फोनवरचं अ‍ॅप पुरतं. मोठ्या कोचच्या चासीला ट्रकसारखं नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं, तिथे जे१९३९ ही ट्रकची संदेशपद्धत वाचणारा रीडर लागतो. नव्या चासीवर हे सॉकेट हिरवं असतं, जुन्यांवर काळं, आणि हिरव्याचा वेग दुप्पट असल्याने जुना रीडर तिथे चालत नाही. विकत घेण्याआधी खाली वाकून रंग पाहा.

व्हॅनमध्ये नेहमी भेटणारे कोड थोडेच आहेत. पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी जास्त. पी२४५२ हा डीपीएफच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. पी२०३एफ म्हणजे युरियाची पातळी कमी, पी२०७एफ म्हणजे युरियाच्या गुणवत्तेबद्दल शंका, पी२०ईई म्हणजे एससीआर पुरेसं नॉक्स कमी करत नाही. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा. ट्रकच्या भाषेत हेच एसपीएन, म्हणजे दोष कशात आहे ते सांगणाऱ्या, क्रमांकांनी येतं: ३२५१ डीपीएफचा दाब, १७६१ डीईएफची पातळी, ३३६४ डीईएफची गुणवत्ता, ३२१६ आणि ३२२६ हे आधीचा आणि नंतरचा नॉक्स सेन्सर. त्याच्यापुढचा एफएमआय, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा, आकडा विसरू नका. एफएमआय ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज जास्त किंवा कमी आहे, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा सेन्सर. एफएमआय १८ असेल तर मोजलेली किंमत खरोखरच कमी येतेय. एसपीएन तोच असला तरी या दोहोंची दुरुस्ती पूर्ण वेगळी.

पी२०ईई आला की एससीआरचा कॅटॅलिस्ट गेला, असं सांगणारे भेटतील. कोड सांगतो तो परिणाम. नॉक्स कमी होत नाही यामागे शिळा युरिया, तुंबलेला इंजेक्टर, खोटं मोजणारा सेन्सर किंवा सायलेन्सरच्या जोडातली गळती असू शकते. कॅटॅलिस्ट या यादीत सगळ्यात महाग आहे, म्हणून तो तपासायचाही सगळ्यात शेवटी.

कोड दोन-तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे एकदम आले, तर आधी बॅटरी बघा. चासीची बॅटरी महिनोन्‌महिने पडून अशक्त झालेली असते. स्टार्ट मारताना व्होल्टेज खाली बसलं की नॉक्स सेन्सर आणि डीईएफचं कंट्रोल युनिट बावचळतं आणि भुताटकीसारखे कोड उमटतात. टर्मिनल घट्ट करा, अर्थिंगची वायर जिथे चासीला जोडली आहे तो जोड गंजलाय का पाहा, फ्यूज तपासा. मोटरहोमच्या आतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी वेगळी असते, ती भरलेली आहे म्हणून चासीची ठीक असेल असं धरून चालू नका.

काजळी जाळणं

डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात. काजळी जळून जाते, इंजिन ऑइलमधल्या धातूंची राख मात्र जळत नाही; चुलीसारखंच, लाकूड संपलं तरी राख काढावीच लागते. हायवेवर भार घेऊन चालताना सायलेन्सर आपोआप अडीचशे ते चारशे अंशांत राहतो आणि काजळी संथपणे जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास तापवतं. यालाच आपण रीजन म्हणतो. ते चालू असताना आयडल थोडं वाढतं, पंखा जोरात फिरतो, इंधनाची सरासरी अचानक घसरते. अशा वेळी गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं आणि जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही ऑइलमध्ये उतरतं. मुक्काम दोन किलोमीटरवर असला तरी शक्य असेल तर पुढे एक फेरी मारून या.

स्थिर दिव्यावर करायचं ते इतकंच: टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल ठेवा, कारण अनेक गाड्या त्याखाली रीजन सुरूच करत नाहीत. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. मग मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, व्हॅन असेल तर दोन हजार आरपीएमच्या वर, वीस ते तीस मिनिटं न थांबता चालवा. चढ मिळाला तर उत्तम. भार हवा आहे, नुसता वेग नव्हे.

याने दिवा गेला नाही आणि तुमच्या गाडीला उभ्याने रीजन करायचं बटण असेल, तर जागा निवडण्यात कंजुषी करू नका. सुकं गवत, पाचोळा, डांबराचे ताजे ठिगळ, प्लास्टिकची चटई यांपैकी काही खाली नको. मागे इंजिन असलेल्या कोचचा सायलेन्सर जमिनीच्या अगदी जवळ, तिरका उघडतो, आणि त्यासमोर शेजाऱ्याचा तंबू किंवा सायकल असण्याची शक्यता दाट. छप्पर असलेल्या जागेत हे कधीच करायचं नाही. खिडक्या आणि छतावरचे व्हेंट बंद करा, आत कोणी झोपलेलं नको, गॅसचा सिलिंडर बंद करा, ऑनिंग, म्हणजे गाडीबाहेर काढलेलं कापडी छत, गुंडाळा. गिअर न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचललेला. यातलं एक जरी चुकलं तरी बटण दाबून काही होत नाही. साधारण वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. तोवर बाहेर उभं राहून लक्ष ठेवा. संपल्यावरही सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो.

व्हॅनमध्ये असं बटण बहुधा नसतं, तिथे हे काम सर्व्हिस सेंटर स्कॅनरवरून करतं.

सगळ्यात अभ्यासण्यासारखी अवस्था म्हणजे रीजन पूर्ण झालं, दिवा गेला, आणि तीन-चारशे किलोमीटरवर पुन्हा लागला. आता डीपीएफला दोष देऊ नका. त्याच्या आधीचं काहीतरी जास्त काजळी बनवतंय, किंवा मोजणाराच चुकतोय. इथे मी हा क्रम धरतो. आधी दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या: त्या भाजून तडकतात, त्यात पाणी किंवा काजळी बसते, आणि हे काम सगळ्यात स्वस्त. मग टर्बोपासून इनटेककडे जाणारे रबरी होज. त्यातून हवा गळली की मिश्रण डिझेलने जड होतं आणि काजळी वाढते. गळतीच्या जागी ऑइलचा काळपट ओला डाग दिसतो. मग एअर फिल्टर, उभ्या गाडीत उंदरांनी त्यात घर केलेलं असू शकतं. नंतर उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. आणि एक हमखास विसरली जाणारी गोष्ट, थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन कधीच पूर्ण गरम होत नाही, काटा थोडा खालीच राहतो, चालवणाऱ्याला बरं वाटतं, आणि कंट्रोल युनिट मात्र ‘इंजिन थंड आहे’ म्हणून रीजन टाळत राहतं. इंजेक्टर शेवटी.

याच सुमारास ऑइलची डिपस्टिक बघा. पातळी कमी झाली तर आपण घाबरतो, वाढलेली दिसली की खूश होतो. वाढलेली पातळी म्हणजे ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय. ते ऑइल बदलल्याशिवाय पुढे रीजन करू नका. कूलंट कमी होतोय पण खाली थेंब नाही आणि सुरुवातीला गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर आतून फुटल्याचा संशय घ्यावा. तो फुटका तसाच ठेवला तर पुढचे डीओसी आणि डीपीएफही खराब होतात.

राखेचा प्रश्न मोठ्या किलोमीटरनंतर येतो. फिल्टर गाडीतून काढून भट्टीत तापवणं आणि हवेने उलटा झटकणं हा त्याचा खरा इलाज. टाकीत ओतायच्या बाटल्या काजळी जरा कमी तापमानाला जळायला थोडीफार मदत करतात, राखेवर त्यांचा काही उपयोग नाही. राख कमी बनावी म्हणून ऑइल योग्य वापरायचं: अवजड इंजिनाला एपीआय सीके-४, व्हॅनला मॅन्युअलमध्ये दिलेलं एसीईए सी वर्गातलं. डब्यावर ‘डिझेलसाठी’ लिहिलेलं कुठलंही ऑइल चालत नाही.

जाता जाता एक सोपी तपासणी. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा, इंजिन थंड असताना. डीपीएफ शाबूत असेल तर आतली बाजू जवळजवळ स्वच्छ असते. काळी काजळी बोटाला लागली तर फिल्टर तडकलाय किंवा आधीच्या मालकाने तो पोकळ करून टाकलाय. जुनी मोटरहोम घेताना हे आधी बघावं, आतली गादी आणि फ्रीज नंतर.

युरियाची बाजू

डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी खनिजं काढलेलं पाणी. हे प्रमाण सहज आलेलं नाही, याच प्रमाणाला तो सगळ्यात खालच्या तापमानाला, उणे ११ अंशांना गोठतो. गोठल्याने तो बिघडत नाही. टाकीतला हीटर तो वितळवतो आणि तोवर गाडी चालू राहू शकते. त्यात अँटीफ्रीझ घालणं म्हणजे कॅटॅलिस्टवर विष ओतणं. गोठताना तो सुमारे ७ टक्के फुगतो, म्हणून थंडीत टाकी काठोकाठ भरू नका.

त्याचा खरा शत्रू ऊन. साठवण १० अंशांवर असेल तर तो ३६ महिने टिकतो, २५ वर १८, ३० वर १२, आणि ३५ अंशांवर केवळ ६ महिने. उन्हात उभ्या मोटरहोमच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलेला मागच्या हंगामातला डबा कोणत्या रांगेत बसतो ते तुम्हीच पाहा. संशय असेल तर डीईएफसाठीचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दोन थेंबांत उत्तर मिळतं, ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या मध्ये असेल तर ठीक. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ओतायचा सल्ला कोणी दिला तर कानामागे टाका, खतातली अशुद्धता कॅटॅलिस्ट कायमचा मारते.

भरण्यातल्या चुका मोटरहोममध्ये जास्त होतात, कारण एका बाजूला तीन फिलर असतात: डिझेल, युरिया आणि पिण्याचं पाणी. डीईएफचं नोझल १९ मिलिमीटर जाडीचं असतं, डिझेलचं त्याहून जाड. म्हणजे डिझेलचं नोझल युरियाच्या तोंडात सहसा जात नाही, पण युरियाचं नोझल, डब्याची नळी किंवा पाण्याचा पाइप डिझेलच्या तोंडात आरामात जातो. डिझेलमध्ये युरिया किंवा पाणी गेलं तर चावी फिरवूच नका. ‘ऑन’ देखील नको, कारण तेवढ्यानेच पंप फिरून ते पुढे ढकलतो. टाकी उपसून घेतली तर टाकीभर डिझेलवर भागतं. इंजिन सुरू केलं तर पंप, रेल, इंजेक्टर सगळं बदलायची पाळी येते. युरियाच्या टाकीत डिझेल गेलं तरी हाच नियम. माझा सल्ला: तिन्ही झाकणांवर ठळक रंगीत लेबल लावा आणि पाहुण्यांना टाकी भरायला देऊ नका.

सांडलेला युरिया लगेच पाण्याने धुवा. तो सुकला की पांढरे खडे होतात, आणि द्रव असताना वायरच्या आतल्या तारांतून केशाकर्षणाने सरकत दूरच्या कनेक्टरपर्यंत पोचतो. डीईएफच्या पंपाचे किंवा टाकीचे कोड आले तर कनेक्टर सोडवून पिनांवर पांढरट बुरशीसारखा थर दिसतो का बघा. फिलरवरचे किंवा इंजेक्टरच्या टोकावरचे खडे कोमट स्वच्छ पाण्यात विरघळतात, खरवडायची गरज नाही. फनेल फक्त युरियासाठीचं वेगळं ठेवा. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा असलेली भांडी नकोत.

टाकीत जो हेडर बसतो त्यात पातळी, तापमान आणि गुणवत्ता मोजणारे सेन्सर एकत्र असतात. हाच भाग २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे मिळेनासा झाला होता आणि कित्येक कोच टाकी भरलेली असूनही ‘डीईएफ नाही’ म्हणत उभे राहिले. शेवटी इंजिन बनवणाऱ्या कमिन्सने ताकद कमी होणं रोखणारं तात्पुरतं सॉफ्टवेअर दिलं. गुणवत्ता ध्वनिलहरींनी मोजली जाते, त्यामुळे नुकतीच टाकी भरली असेल तर फेसामुळेही चुकीचा कोड येऊ शकतो. तासभर चालवून बघा, मगच हेडरचा विचार करा.

नॉक्स सेन्सर दोन असतात आणि ते खर्चिक, नाजूक, तापत्या सिरॅमिकचे. गरम सायलेन्सरवर खालून प्रेशर वॉशर मारणं त्यांना सहन होत नाही. बदलताना सेन्सर आणि त्याचं छोटं कंट्रोल युनिट एकत्रच येतं.

ताकद कमी होण्याचं घड्याळ

युरोपीय व्हॅनमध्ये अ‍ॅडब्लू संपायला किमान २४०० किलोमीटर उरले असताना इशारा सुरू होतो. आकडा शून्यावर आल्यावर चालू इंजिन बंद पडत नाही, पण एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. म्हणून शून्याच्या जवळ असाल तर डिझेल भरायला, चहाला, कशालाही इंजिन बंद करू नका, पण तेवढ्यावर विसंबूही नका. त्याआधीच, आकडा तीन अंकी असतानाच टाकी भरा. अर्धा-एक लिटर ओतून सेन्सरला ते कळत नाही. सपाट जागी उभे राहून मॅन्युअलमध्ये दिलेलं किमान प्रमाण भरा, मग स्टार्टर न मारता चावी ‘ऑन’वर मिनिटभर ठेवा, आणि मग सुरू करा.

अमेरिकी अवजड चासीवर युरिया भरायची हीच सक्ती वेगळ्या प्रकारे येते: आधी दिवे, मग ताकद कमी, शेवटी वेग ताशी ५ मैल. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही सक्ती सैल करणारं सॉफ्टवेअर द्यावं असं मार्गदर्शन उत्पादकांना दिलं. २०२७ मॉडेलपासून नव्या गाड्यांची ताकद युरिया संपल्यावर अचानक जाऊ नये, अशी अपेक्षाही त्यात आहे. तुमच्या इंजिनासाठी अपडेट आलंय का, हे डीलरला विचारून ठेवा.

सोबत एक दहा लिटरचा डबा असू द्या, त्याचं वजन सुमारे ११ किलो भरतं. मोठ्या कोचमध्ये युरिया साधारणतः डिझेलच्या २ ते ३ टक्के जातो. दर वेळी भरताना दोन्हींची नोंद ठेवली तर एक गोष्ट दिव्याच्या आधी कळते: युरिया खर्चच होत नसेल तर फवारणी बंद आहे, आणि आनंद मानण्यासारखं त्यात काही नाही.

उभी ठेवताना

इंजिन बंद केल्यावर डीईएफचा पंप नळ्यांतला द्रव मागे टाकीत ओढून घेतो. त्याला काही मिनिटं वीज लागते. मुक्कामी पोचलो की लगेच चासीच्या बॅटरीचा मुख्य स्विच पाडायची सवय अनेकांना असते, त्याने द्रव नळ्यांत अडकतो आणि मग गोठतो किंवा खडे धरतो. किमान पाच मिनिटं थांबा.

जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी चार्ज करणं सोडून द्या. सोलर, बाहेरची वीज किंवा छोटा चार्जर वापरा. महिन्यातून एकदा फिरवायचं असेल तर पाऊण तास, हायवेवर, पूर्ण गरम करून. नाहीतर अजिबात सुरू करू नका. उष्ण जागी लांब मुदतीसाठी ठेवणार असाल तर युरियाची टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि निघताना ताजा भरा. थंड जागी थोडी मोकळी जागा सोडून जवळजवळ भरलेली ठेवा, कारण खडे द्रव आणि हवा जिथे भेटतात तिथे धरतात.

लांबच्या देशांतून फिरणाऱ्यांसाठी गंधक हा वेगळा विषय. या यंत्रणा १० ते १५ पीपीएम गंधकाच्या डिझेलसाठी आहेत. त्याहून खूप जास्त गंधकाच्या डिझेलवर डीओसी मंदावतो, रीजन वारंवार होतं. तिथे जायचंच असेल तर मार्ग आखतानाच डिझेलचा दर्जा तपासा आणि ऑइल लवकर बदला.

ही सगळी यंत्रणाच काढून टाकली तर?

हा प्रश्न विचारला जातोच. अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याखाली ते बेकायदेशीर आहे, युरोपात गाडीची मान्यताच रद्द ठरू शकते. नेदरलँड्स आणि जर्मनीत २०२३ पासून नियमित तपासणीत कण मोजणारं यंत्र लावलं जातं, त्यामुळे पोकळ केलेला फिल्टर लपत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारातही तोटाच. विमा, विक्री आणि सीमा ओलांडणं, तिन्ही ठिकाणी अडचण, आणि ज्या होजच्या गळतीमुळे काजळी होत होती ती गळती तशीच राहते.

वर्कशॉपमध्ये

कार डीलर अनेकदा उंची आणि वजन ऐकूनच नाही म्हणतात. चासी ज्या कंपनीची, तिचं व्यावसायिक वाहनांचं केंद्र गाठा, आणि फोनवर लांबी, उंची, वजन आधी सांगा. सोबत कोडचे फोटो, ऑइलची पातळी आणि युरियाच्या नोंदी न्या. भाग बदलण्याआधी चार आकडे मागा: काजळी किती टक्के भरली, आयडलवर आणि वाढवलेल्या आरपीएमवर दाबाचा फरक किती, डीईएफ इंजेक्टरने मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर सोडलं, आणि एससीआरच्या आधीचं आणि नंतरचं नॉक्स किती. हे मोजल्याशिवाय ‘सेन्सर बदलून बघू’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. उत्सर्जनाची वॉरंटी नेहमीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते; अमेरिकेत मध्यम आणि अवजड डिझेल इंजिनांसाठी ती ५ वर्षं किंवा १ लाख मैल आहे, आणि बरेच मालक तोवर पैसे भरून मोकळे झालेले असतात.

दुरुस्तीनंतर दिवा तिथल्या तिथे जाईलच असं नाही. एससीआरची चाचणी गाडी गरम होऊन ठरावीक वेळ चालल्यावरच पूर्ण होते, त्यामुळे ती चालवून, सगळे मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, ‘रेडी’ दाखवल्यावरच गाडी ताब्यात घ्या. वार्षिक तपासणी जवळ आली असेल तर त्याआधी आणखी एक लांबची फेरी मारा.